गाठीचे खरे नाव

१९५७ साली युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डॉ. ह्यू ट्रोवेल यांनी आपल्या सर्जन सहकाऱ्याला मुलांच्या वॉर्डात बोलावून घेतले. खाटेवर पाच वर्षांचा मुलगा होता. वरचा जबडा दोन्ही बाजूंनी सुजलेला, खालचाही दोन्ही बाजूंनी. चारही कोपऱ्यांत गाठी. दात हिरड्यांत सैल होऊन नुसते अडकून राहिलेले. कुपोषणाने सुजणाऱ्या मुलांवरच्या कामासाठी ट्रोवेल नावाजलेले होते. आजारी मुले पाहण्यात त्यांची उमर गेली होती. तरी हे काय आहे, ते त्यांना उमगत नव्हते.

सर्जनचे नाव डेनिस बर्किट. त्यांनाही उत्तर देता आले नाही. पू धरला म्हणावे, तर तो चार ठिकाणी एकदम कसा धरेल? कर्करोग म्हणावे, तर तो एका जागी मूळ धरतो आणि तिथून पसरतो. जबड्याचे चार कोपरे मोजून मापून निवडत नाही. मुलाचे फोटो काढले गेले, तपासण्या झाल्या, आणि मूल वाचले नाही.

काही आठवड्यांनी बर्किट जिंजाच्या जिल्हा रुग्णालयात गेले होते. जिंजा हे व्हिक्टोरिया सरोवराकाठचे गाव. नाईल इथूनच सरोवराबाहेर पडते. वॉर्डात फेरी चालू असताना त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. गवतावर एक बाई आपल्या लेकराला घेऊन बसली होती आणि त्या लेकराचा चेहरा सुजलेला होता. बर्किट फेरी सोडून बाहेर गेले आणि मुलाचे तोंड उघडून पाहिले. पुन्हा तेच, जबड्याच्या चारही कोपऱ्यांत गाठी. पोटातही गाठ हाताला लागत होती.

एक मूल म्हणजे योगायोग असू शकतो. दुसरे दिसल्यावर बर्किटना स्वस्थ बसवेना. मुलागोला परतल्यावर त्यांनी जुन्या नोंदी उपसायला घेतल्या, आणि ज्याला आज सारे जग बर्किट लिम्फोमा म्हणते त्याचा शोध तिथून सुरू झाला. या शोधात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग फारसा सांगितला जात नाही. विषाणूची गोष्ट सांगितली जाते, आफ्रिकेतल्या मोटारप्रवासाची सांगितली जाते. पण त्याआधी या आजाराची ओळखच चुकलेली होती. तो दुसऱ्याच कुळातल्या आजारांची रूपे घेऊन वावरत होता आणि त्या रूपांना भुलून डॉक्टर भलत्याच दिशेने जात होते.

मराठीत आपण सगळ्यालाच गाठ म्हणतो. चरबीची गाठ, हाडाची गाठ, छातीतली गाठ. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, तीही गाठच. पण अवधाण ही वेगळ्या घराण्यातली. तिथे लसिका ग्रंथी असते, शरीराची पहारा-चौकी म्हणा. जंतू आले की तिच्यातल्या पेशी वाढतात आणि ती फुगते. याच पेशी बेबंद होऊन कर्करोग झाला तर तो लिम्फोमा. हाड, स्नायू, चरबी, नसा अशा आधार देणाऱ्या ऊतींतून जो कर्करोग निघतो तो सार्कोमा. हाताला दोन्ही सारखेच लागतात, पण फरक जीवनमरणाचा आहे. सार्कोमात सर्जनचा चाकू मुळापर्यंत गेला तर रोगी वाचण्याची आशा असते. लिम्फोमा हा रक्ताच्या नात्यातला आजार; त्याच्या पेशी मुळातच हिंडत्या. एका जागेवरून कापून काढल्या तरी त्या दुसरीकडे असतातच. तिथे चाकू हरतो आणि औषध जिंकू शकते.

लहान मुलांच्या बाबतीत तर आणखी पेच आहे. मुलांच्या कित्येक घातक गाठी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ एकसारख्या दिसतात: लहान, गोल, निळ्या पेशींचा गच्च थर. डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा, मूत्रपिंडाजवळचा न्यूरोब्लास्टोमा, मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर, हाडाचा युइंग सार्कोमा, स्नायूचा सार्कोमा आणि लिम्फोमा, सगळे त्या एका निळ्या गर्दीत मिसळलेले. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जेम्स युइंग यांनी त्यांच्या नावाचा हाडाचा कर्करोग १९२१ साली वेगळा काढला, तेव्हापासून त्याच्यात आणि हाडातल्या लिम्फोमात गल्लत होत आली होती. १९३९ साली पार्कर आणि जॅक्सन या दोघांनी हाडात उगम पावणारा लिम्फोमा ही वेगळी गोष्ट आहे असे दाखवले, पण त्यांनीही नाव दिले ते रेटिक्युलम सेल सार्कोमा. त्या काळी लिम्फोमाच्या नावातसुद्धा सार्कोमा हा शब्द सर्रास असे. भाषेनेच दोन घराण्यांचे उंबरठे एक करून टाकले होते.

मुलागोच्या नोंदींत नेमके हेच झाले होते. डोळा पुढे आलेले मूल आले की तिथे रेटिनोब्लास्टोमा लिहिला जाई. पोटात गाठ असली की विल्म्स किंवा न्यूरोब्लास्टोमा. मुलीच्या अंडाशयात असली की अंडाशयाची गाठ. पाय लुळे पडून आलेल्या मुलाच्या कण्याशेजारी काही सापडले तर आणखी वेगळे नाव. जबड्यात असली की गोल पेशींचा सार्कोमा. प्रत्येक डॉक्टरने आपल्यासमोर आलेल्या अवयवाला प्रामाणिकपणे नाव दिले होते. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर एकेका आंधळ्याच्या हाती एकेका मुलाचा केसपेपर होता.

बर्किटनी मात्र एका मुलाला डोक्यापासून पायापर्यंत पाहायला सुरुवात केली. ज्याच्या जबड्यात गाठ, त्याचे पोट चाचपायचे. ज्याच्या पोटात गाठ, त्याचे दात हलवून पाहायचे. शवविच्छेदनाचे अहवाल शेजारी शेजारी मांडायचे. मग चित्र जुळू लागले. जबड्याची गाठ घेऊन आलेल्या मुलाच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी निघत. यकृतात, अधिवृक्कात, मुलींच्या दोन्ही अंडाशयांत निघत. आणि जिथे लिम्फोमा आधी शोधायचा, त्या मानेतल्या आणि काखेतल्या ग्रंथी बहुधा साध्याच असत. म्हणून तर कोणाला संशय आला नव्हता. अवधाण नाही, तर लिम्फोमा कुठला?

१९५८ साली त्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत अडतीस मुलांची हकीकत छापली. शीर्षकात आजाराला नाव दिले होते: आफ्रिकी मुलांच्या जबड्यांत होणारा सार्कोमा. म्हणजे शोध लावणाऱ्यानेही पहिले नाव चुकीच्या घराण्याचेच दिले. याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही असे मला वाटते. या साऱ्या गाठी मिळून एकच आजार आहे हे त्यांनी ओळखले होते, आणि अवघड काम तेच होते. घराणे ठरवणे हे सर्जनचे काम नव्हतेच. त्यासाठी काचेच्या पट्टीवर डोळा लावणारी माणसे हवी होती. लेखाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

बर्किट हे कोणी संशोधन संस्थेतले पंडित नव्हते. आयर्लंडमधल्या एनिस्किलनला १९११ साली जन्मलेले. अकराव्या वर्षी अपघातात एक डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आधी अभियांत्रिकीला गेले, मग मन वैद्यकाकडे वळले. वसाहतींच्या वैद्यकीय सेवेसाठी अर्ज केला तेव्हा एका डोळ्याचा सर्जन नको म्हणून नकार मिळाला. महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून ते पूर्व आफ्रिकेत आणि सिलोनमध्ये राहिले आणि १९४६ साली युगांडात आले. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. आपल्याला इथे पाठवले आहे अशी त्यांची पक्की भावना होती. त्यांचे वडील जेम्स बर्किट पेशाने सर्व्हेयर होते आणि पक्ष्यांचे वेडे. रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून, कोणता पक्षी कुठवर आपली हद्द मानतो याचे नकाशे त्यांनी १९२० च्या दशकात काढले होते. मुलाने ते घरात पाहिलेले. युगांडात उत्तरेकडच्या लिरा गावी पहिली नेमणूक झाली तेव्हा डेनिस यांच्या लक्षात आले की जिल्ह्याच्या पूर्व भागातून अंडवृद्धीचे रोगी ढिगाने येतात, पश्चिमेकडून क्वचितच. त्यांनी त्याचाही नकाशा केला. त्या भागातली अंडवृद्धी डासांनी पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या जंतामुळे होते. मग कुठे किती रोगी आहेत हे सांगणारा नकाशा रोगाच्या कारणाकडेच बोट दाखवतो. हा धडा पुढे कामी येणार होता.

आता सूक्ष्मदर्शकाकडे येऊ. मकेरेरे विद्यापीठात जॅक डेव्हिस हे पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. १९५१ पासून कंपालात कर्करोगाची नोंदवही ठेवली जात होती आणि काढलेल्या प्रत्येक तुकड्याची पट्टी जपून ठेवलेली होती. अमेरिकेतून ग्रेगरी ओकॉनर तिथे आले आणि त्यांनी डेव्हिस यांच्यासोबत मुलांच्या साऱ्या गाठी पुन्हा तपासायला घेतल्या. जुन्या अहवालांवरची नावे त्यांनी बाजूला ठेवली. तुकडा डोळ्याचा की पोटाचा, हेही बाजूला ठेवले. फक्त पेशी पाहिल्या.

त्या पट्टीवर काय दिसते ते जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये पक्का करतात, मेणात बसवतात, आणि केसाहून पातळ काप काढून रंगवतात. कमी भिंगाखाली सगळा भाग गडद निळा दिसतो, कारण पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या, आणि प्रत्येकीत केंद्रकच मोठे. या निळ्या थरात मधूनमधून फिकट, पांढुरकी वर्तुळे असतात. भिंग वाढवले की एकेका वर्तुळात एक मोठी, ऐसपैस पेशी दिसते आणि तिच्या पोटात काळपट तुकडे. ही शरीराची सफाई कामगार पेशी. लिम्फोमाच्या पेशी इतक्या झपाट्याने दुप्पट होतात की त्यांच्यातल्या असंख्य मरतही असतात. मेलेल्यांचा केर ही पेशी गिळत असते. लांबून पाहिले की अमावास्येच्या आकाशात चांदण्या पसरल्यासारखे दिसते. पॅथॉलॉजिस्ट त्याला तारांकित आभाळ म्हणतात. एवढे सुंदर नाव, आणि त्या प्रत्येक चांदणीच्या जागी पेशींचे मरण. मला हे चित्र पहिल्यांदा समजले तेव्हापासून ते मनातून जात नाही.

पण तारांकित आभाळ दुसऱ्या झपाट्याने वाढणाऱ्या गाठींतही दिसू शकते. म्हणून १९६० साली कंपालात आलेल्या डेनिस राइट या इंग्रज पॅथॉलॉजिस्टने वेगळ्या बाजूने हात घातला. ताजा तुकडा कापायचा, त्याची ओली बाजू काचेवर अलगद टेकवायची आणि उचलायची. पेशींचा ठसा उमटतो. तो वाळवून जिम्सा रंगाने रंगवला की मेणातल्या कापात जे हरवते ते उघड होते: केंद्रकाभोवती गडद निळ्या रंगाची कड आणि त्या कडेत टाचणीने टोचल्यासारखी स्वच्छ गोल छिद्रे. ती चरबीचे थेंब विरघळून गेल्याच्या जागा. हा पेहराव लसिका पेशींच्या घराण्याचा, युइंग सार्कोमाचा किंवा न्यूरोब्लास्टोमाचा नव्हे. महागडे यंत्र नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. काच, रंग आणि पाहायची सवय.

डेव्हिस आणि ओकॉनर यांचा निष्कर्ष १९६० साली छापून आला. युगांडातल्या मुलांच्या नोंदलेल्या घातक गाठींत जवळजवळ निम्म्या लिम्फोमा होत्या. रेटिनोब्लास्टोमा, न्यूरोब्लास्टोमा, सार्कोमा अशा नावांच्या फायलींत विखुरलेला हा एकच आजार तिथल्या मुलांचा सर्वांत मोठा कर्करोग होता. १९६१ साली बर्किट आणि ओकॉनर यांनी जोडलेखाने तो मांडला, एकाने रोग्याच्या बाजूने आणि दुसऱ्याने पेशीच्या बाजूने. सार्कोमा हे नाव गळून पडले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसेच काहीसे आणखी एक बाहेर आले. कंपालाच्याच मेंगो टेकडीवर अल्बर्ट कुक या मिशनरी डॉक्टरने १८९७ साली रुग्णालय सुरू केले होते आणि रोग्यांच्या नोंदी काळजीने लिहून ठेवल्या होत्या. त्या नोंदी चाळल्यावर जबडा सुजलेली मुले तिथेही सापडली. आजार नवा नव्हता. साठ वर्षे तो कागदावर होता, पण त्याला नाव नव्हते.

लिम्फोमा आहे हे ठरल्याबरोबर उपचाराची वाट बदलली. तोवर बर्किट जबड्यातल्या गाठी कापून काढत असत. मुलांचे चेहरे विद्रूप होत आणि गाठी पुन्हा येत. युगांडात किरणोपचाराचे यंत्र नव्हते. पाश्चात्त्य देशांत रक्ताच्या कर्करोगावर नुकतीच औषधे वापरली जाऊ लागली होती. न्यूयॉर्कचे जोसेफ बर्चेनल कंपालाला आले आणि मेथोट्रेक्सेट देऊन पाहिले गेले. नंतर सायक्लोफॉस्फमाइड, व्हिन्क्रिस्टिन. नैरोबीत पीटर क्लिफर्ड हेच करत होते. जे दिसले त्यावर विश्वास बसेना. आठवड्याभरात चेहऱ्यावरची सूज ओसरे, सैल दात पुन्हा रुजत. काही मुले एक-दोन डोसांवरच कायमची बरी झाली. १९६७ साली बर्किटनी ती हकीकत प्रसिद्ध केली. सगळीच बरी झाली नाहीत. कित्येकांत गाठ मेंदूच्या आवरणात परतली. काहींत गाठ इतक्या वेगाने विरघळली की मेलेल्या पेशींच्या विषाने मूत्रपिंडे बंद पडली. तरी कर्करोग पसरलेले मूल केवळ औषधाने बरे होऊ शकते, हे तेव्हा जगात फार थोड्या ठिकाणी दिसले होते, आणि त्यांत कंपाला होते. आज मुलांच्या लिम्फोमावर जे औषधोपचार होतात त्यांच्या पायाभरणीत ती मुले आहेत. त्यांची नावे कुठल्या पुस्तकात नाहीत.

नकाशाचे काय झाले? बर्किटनी पंचवीस पौंडांच्या सरकारी मदतीत आजारी मुलांच्या फोटोंची पत्रके छापून आफ्रिकेतल्या रुग्णालयांना पाठवली: असे मूल तुमच्याकडे येते का? उत्तरे येत गेली तसतशा भिंतीवरच्या नकाशात टाचण्या लागत गेल्या. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा उमटला आणि त्याची शेपटी पूर्व किनाऱ्याने मोझांबिकपर्यंत उतरलेली. ही शेपटी कुठे संपते ते डोळ्यांनी पाहायचे ठरले. अडीचशे पौंडांची जुनी फोर्ड गाडी घेऊन १९६१ च्या ऑक्टोबरात बर्किट, टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे तिघे डॉक्टर निघाले. दहा आठवडे आणि सुमारे दहा हजार मैल, दक्षिणेला जोहान्सबर्गपर्यंत. टेडना गाडी दुरुस्त करता येत होती, हे त्या रस्त्यांवर वैद्यकीच्या पदवीइतकेच उपयोगी. प्रत्येक रुग्णालयात तोच क्रम: फोटोंची वही उघडायची, डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारायचे, नोंद करायची.

उत्तर उंचीत दडलेले होते. विषुववृत्ताजवळ पाच हजार फुटांच्या वर हा आजार नाही. दक्षिणेकडे जावे तशी ती उंचीची रेषा खाली येते. एंटेबीच्या विषाणू संस्थेतले अलेक्झांडर हॅडो यांनी ओळखले की ही रेषा खरे तर तापमानाची आहे. ऊब आणि पाऊस जिथे, तिथे आजार. म्हणजे डास जिथे, तिथे. मलेरियाचा मुक्काम जिथे बारमाही, तिथली मुले या आजाराने अधिक ग्रासलेली होती. कर्करोगाचा भूगोल शोधायची ही दृष्टी आपल्याला परकी नाही: त्याच दशकांत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर वेगवेगळ्या समाजांतल्या तोंडाच्या कर्करोगाची तंबाखूच्या सवयींशी सांगड घालत होते.

विषाणूची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांनी सांगितली आहे. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किटचे भाषण झाले. कोंबड्यांतल्या सार्कोमाच्या विषाणूवर काम करणारे अँथनी एपस्टाइन ते ऐकायला गेले आणि ऐकतानाच त्यांच्या मनाने घेतले की यामागे विषाणू असणार. कंपालाहून रात्रीच्या विमानाने गाठींचे तुकडे लंडनला जाऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ काही सापडले नाही. १९६३ च्या डिसेंबरात लंडनला धुके पडले म्हणून विमान मँचेस्टरला उतरवले गेले. तुकडा उशिरा पोचला तेव्हा भोवतीचा द्रव गढूळ झालेला. जंतू पडले, नमुना फुकट गेला, असेच कोणालाही वाटले असते. एपस्टाइननी फेकून द्यायच्या आधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गढूळपणा जंतूंचा नव्हता. तुकड्यापासून सुटून मोकळ्या तरंगणाऱ्या जिवंत लिम्फोमा पेशी होत्या त्या. त्यांची वाढ करून १९६४ साली एपस्टाइन, बर्ट अचोंग आणि इव्होन बार यांनी विषाणू दाखवला: एपस्टाइन-बार विषाणू, माणसाच्या कर्करोगाशी नाते सापडलेला पहिला. इथेही दिसलेल्या गोष्टीवर चुकीचे नाव चिकटणारच होते, आणि पुन्हा पाहण्याच्या सवयीने ते टळले.

पेशीचे घराणे ओळखायला पुढे आणखी साधने आली. १९७२ साली मानोलोव्ह दांपत्याला या पेशींच्या चौदाव्या गुणसूत्रावर एक जादा पट्टा दिसला, आणि काही वर्षांत कळले की आठव्या गुणसूत्राचा तुकडा तिथे जाऊन बसतो. १९७५ साली केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच नेमक्या खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे तयार करायची रीत शोधली. १९८३ मध्ये वॉर्न्की, गॅटर आणि मेसन यांनी अशा प्रतिपिंडांनी लिम्फोमाच्या पेशी इतर गाठींपासून वेगळ्या ओळखता येतात हे दाखवले. आज पॅथॉलॉजिस्ट मेणाच्या त्याच कापावर या प्रतिपिंडांचे रंग चढवतात. सीडी-२० आणि सीडी-१० या पेशीवरच्या खुणा दिसल्या, वाढीची खूण असलेला केआय-६७ जवळजवळ प्रत्येक पेशीत पेटला, आणि आठव्या गुणसूत्रावरच्या मिक जनुकाची जागा हललेली सापडली, की बर्किट लिम्फोमावर शिक्कामोर्तब होते.

तरी वेष पालटणारे लिम्फोमा संपलेले नाहीत. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा हाडात किंवा मांसात आला तर त्याच्यावर सीडी-९९ ही खूण उमटते. युइंग सार्कोमावरही तीच खूण उमटते. त्या लिम्फोमात लसिका पेशींची नेहमीची ओळख, सीडी-४५, कधी कधी उमटतच नाही. एकाच रंगावर विसंबलेला अहवाल मग मुलाला सार्कोमाच्या वाटेवर धाडतो. १९८५ साली जर्मनीत हॅराल्ड स्टाइन आणि सहकाऱ्यांनी वेगळा काढलेला अॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा त्याआधी कधी दुसरीकडून पसरलेला कर्करोग, कधी मेलानोमा, कधी सार्कोमा म्हणून खपत असे. त्याच्यातल्या आल्क जनुकाचा शोध १९९४ साली मेम्फिसला लागला, तेव्हा वाटले खूण मिळाली. मग हेच जनुक मऊ ऊतींच्या एका वेगळ्या गाठीतही बिघडलेले सापडले. म्हणून जाणता पॅथॉलॉजिस्ट एकच रंग कधी लावत नाही; चार-सहा लावतो, आणि सर्जनला फोन करून विचारतो, गाठ किती दिवसांत वाढली, आणखी कुठे काही लागते का? बर्किट आणि ओकॉनर यांच्यातही हाच संवाद चालत होता.

बर्किटनी १९६० च्या दशकात युगांडा सोडले आणि १९९३ साली ते वारले. मुलागोच्या आवारात १९६७ साली मुलांच्या लिम्फोमासाठी सुरू झालेला विभाग पुढे युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट झाला आणि आजही चालू आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ते शीत जपलेले असावे लागते. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. घरात कोणाची, विशेषतः लहान मुलाची, गाठ दिवसागणिक वाढत असेल तर आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने तुकडा काढून तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत मोठ्या शस्त्रक्रियेची घाई करू नका. अहवाल आल्यावर प्रयोगशाळेतून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्या. मोठ्या कर्करोग रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा तेच मागतात, आणि दुसरे मत त्यावरच मिळते. ब्लॉक लहानशा प्लॅस्टिकच्या चौकटीत असतो, पेटीत मावतो. उन्हात ठेवू नका, मेण वितळते. फाइलबरोबर सांभाळा आणि कितीही वर्षे झाली तरी फेकू नका.